आधी वही, मग रक्त: मन का लागत नाही, ते कसं शोधायचं

सकाळी साडेसहापासून दहापर्यंत मी नवी मुंबईतल्या कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली या पट्ट्यात घरोघरी जाऊन रक्त घेते. लॅबचं काम शिकून बरीच वर्षं झाली. दंडाला पट्टा बांधून शीर शोधते तेवढ्या वेळात माणसं बोलतात. हल्ली सगळ्यात जास्त ऐकू येतं ते हे: "ताई, कशातच मन लागत नाही." कोणाला फाईल उघडून बसलं तरी दोन ओळींपुढे जाता येत नाही, पुस्तक उघडलं की कोणाचे डोळे मिटतात, कोणी म्हणतं, "काय करायचं ते सगळं माहीत आहे, पण हातून होतच नाही." आणि पाठोपाठ, "आता आलाच आहात तर सगळ्या टेस्ट करून टाका."

सगळ्या टेस्ट करू नका. कारण शोधायला एक क्रम असतो, आणि रक्त त्यात पहिलं येत नाही. तो क्रम इथे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. निदान आणि औषध हे त्यांचंच काम. पण रिपोर्ट हातात येईपर्यंत काय काय होतं आणि रिपोर्ट आल्यावर माणसांची वाट कुठे चुकते, हे मी रोज बघते.

घरात या तक्रारीला आळस म्हणतात आणि विषय संपवतात. ज्याला करायचं आहे पण करवत नाही, त्याला रागावून काहीही हाती लागत नाही. ही शरीराची किंवा मनाची खरी तक्रार आहे असं धरून चाला, मग पुढचं सगळं सोपं होतं.

शेवटचं बरं कधी वाटलं होतं?

शंभर पानी वही घ्या. मोबाईलमध्ये लिहू नका. तो उघडला की लिहायचं राहतं आणि अर्धा तास जातो. पहिल्या पानावर हाच प्रश्न लिहा: शेवटचं बरं कधी वाटलं होतं?

तारीख कोणालाच सांगता येत नाही, पण सण आठवतात. "गणपतीत मोदक एकटीने वळले, दिवाळीत मात्र चकलीचा सोऱ्या फिरवेना" असं कोणी म्हटलं, की शोधायचा काळ दोनेक महिन्यांवर येतो. आता त्या काळात काय काय बदललं ते लिहा. शिफ्ट बदलली का? घर बदललं का? घरात कोणी गेलं का? डेंगी, टायफॉइड, कोविड असं काही झालं का? बाळंतपण? उपास किंवा डाएट सुरू केलं? कोणती नवी गोळी सुरू झाली?

शेवटचा प्रश्न लोक पटकन ओलांडून जातात, म्हणून त्यावर थांबते. घणसोलीतल्या एक काकू मुलांच्या शिकवण्या घेतात. शिकवताना मधेच शब्द सापडत नाहीत, दुपारी पेंग येते, हातातलं काम विसरायला होतं, असं त्यांचं म्हणणं. वहीत मागे मागे जाऊन त्यांनी लिहिलं तेव्हा दिसलं, की हे संक्रांतीनंतर सुरू झालं. त्याच सुमारास पायाला मुंग्या येतात म्हणून "शिरांची व्हिटॅमिनची गोळी" सुरू झाली होती. पाकिटावर मेथिलकोबालामिन लिहिलं होतं, म्हणजे बी-१२. पण त्याच्या शेजारी प्रेगाबालिन हेही नाव होतं, आणि त्या औषधाने गुंगी येणं, लक्ष विस्कटणं हे नेहमीचं आहे. काकूंनी पाकीट डॉक्टरांना नेऊन दाखवलं, त्यांनी डोस हळूहळू उतरवत नेला, आणि काकूंना पुन्हा शब्द सापडायला लागले. त्यात रक्ताचा एक थेंबही लागला नाही.

सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असतं, त्यानेही दिवसभर डोकं जड राहतं. ॲलर्जीच्या काही गोळ्या, झोपेच्या गोळ्या, ट्रॅमाडॉल असलेल्या वेदनाशामक गोळ्या, सगळ्या या यादीत येतात. घरातली सगळी पाकिटं, आयुर्वेदिक आणि जिममधले डबेसुद्धा, एका पिशवीत भरा आणि डॉक्टरांच्या टेबलावर ओता. आपणहून मात्र काही बंद करू नका. काही औषधं एकदम थांबवली तर त्रास होतो.

वहीच्या पुढच्या पानांवर दोन आठवडे रोज थोडंसंच लिहा. किती वाजता पडलात, किती वाजता उठलात, रात्री जाग आली का. पहिला चहा कधी, शेवटचा कधी. डोकं कोणत्या तासाला चाललं आणि कोणत्या तासाला बंद पडलं. बायकांनी पाळीची तारीख लिहावी. एवढं पुरे. सुंदर अक्षरात लिहायची गरज नाही, पण रोज लिहायची आहे.

झोप येते, दमायला होतं, की नकोसं वाटतं?

"मन लागत नाही" या एकाच वाक्यात वेगवेगळ्या तक्रारी लपलेल्या असतात, आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय केलेली तपासणी अंधारातली असते.

पहिली, झोप येणं. वाशीहून ठाण्याच्या गाडीत बसायला मिळालं आणि तुर्भे यायच्या आत मान टाकली, सिग्नलला गाडी थांबली की डोळे मिटले, ही झोप आहे. ती मोजायला एक साधी यादी आहे. मेलबर्नच्या डॉ. मरे जॉन्स यांनी ती १९९१ साली मांडली, एपवर्थ नावाने ती ओळखली जाते. वाचताना, टीव्ही बघताना, प्रवासात, जेवणानंतर शांत बसल्यावर अशा आठ प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता किती, त्याला शून्य ते तीन गुण द्यायचे. एकूण २४ पैकी १० च्या वर गेलात तर झोपेची चौकशी आधी.

दुसरी, दमणं. झोप येत नाही, पण तिसऱ्या मजल्यावर पोचताना धाप लागते, पाय भरून येतात, केस विंचरताना हात खाली येतो. इथे रक्त तपासण्यात अर्थ आहे.

तिसरी, नको वाटणं. अंगात ताकद आहे, झोपही होते, पण रविवारी पापलेट तळलं तरी चव कळत नाही, मैत्रिणीचा फोन वाजताना बघत बसावंसं वाटतं, आवडीची मॅचही नको होते. हे मनाकडे बोट दाखवतं.

आणि एक प्रकार असा, की त्याला सुरुवातच नाही. "मी शाळेपासून अशीच आहे." त्याबद्दल पुढे लिहिते.

बऱ्याच जणांत दोन प्रकार एकत्र असतात. हरकत नाही, दोन्ही लिहा. आणि चाळिशीच्या आसपास असाल, वाचताना बैठक मोडत असेल, डोकं दुखत असेल, तर डोळे आधी तपासून घ्या. चाळिशी लागलेली असते आणि माणूस स्वतःच्या मेंदूवर संशय घेत बसतो.

झोपेचा हिशेब

प्रौढ माणसाला रात्रीची किमान सात तास झोप लागते. ठाणे-बेलापूर पट्ट्यात हा हिशेब कुठे बिघडतो ते मला दारोदारी दिसतं. घोडबंदरला घर आणि तुर्भ्याला नोकरी असलेली बाई पाणी यायच्या वेळेला उठते, डबे करते, बस आणि गाडी पकडते, रात्री भांडी आवरून साडेअकराला तिला पहिल्यांदा स्वतःचा वेळ मिळतो. तो ती मोबाईलवर घालवते, आणि मला तिचा राग येत नाही. पण वहीत साडेपाच तास झोप लिहिलेली असेल, तर तिने कुठलीही रक्त तपासणी करण्याआधी ते साडेपाचाचे सात करायला हवेत. हे तिच्या एकटीचं काम नाही. सकाळचा एक डबा किंवा रात्रीची भांडी घरातल्या दुसऱ्या कोणीतरी उचलावी लागतात, तेव्हाच ते जमतं.

शिफ्टवाल्यांचं आणखी अवघड. एपीएमसीचं भाजी मार्केट रात्रीच जागं होतं. तिथे काम करणारे साताऱ्याकडचे दादा कोपरखैरण्यात राहतात, आणि दुपारी झोपायला जातात तेव्हा बाहेर पोरं क्रिकेट खेळत असतात. महापे-ऐरोलीच्या ऑफिसांतली रात्रपाळीची मुलंही याच कुळातली. त्यांना मी सांगते, खिडकीला जाड काळा पडदा लावा, दुपारची ती झोप घराने रात्रीसारखी जपावी, दारावरची बेल बंद करावी, आणि सुट्टीच्या दिवशी वेळापत्रक पूर्ण उलटं करू नये. टॉनिकने हे भरून निघत नाही.

तास पुरेसे भरत असूनही सकाळी उठल्यावर डोकं जड, तोंड कोरडं असेल, तर शेजारी झोपणाऱ्याला विचारा. घोरणं, मधेच श्वास थांबणं, दचकून धापा टाकत जागं होणं, हे स्वतःला कळत नाही. झोपेत श्वास अडकण्याचा हा आजार जाड माणसांत जास्त असतो, पण बारीक माणसांतही सापडतो. ब्लड प्रेशर औषधं घेऊनही उतरत नसेल तर संशय आणखी पक्का करा. त्याची तपासणी रात्रभराची असते, आता घरीही करता येते, आणि उपचाराने फरक पडतो. पंचेचाळीस-पन्नाशीच्या बायकांना रात्री घाम येऊन जाग येते. ते पाळी जाण्याच्या वयाचं असतं, आणि तेही डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे.

चहाचं थोडक्यात: त्यातल्या कॅफिनचा निम्मा भाग अंगातून जायला साधारण पाच तास लागतात. रात्री अकराला झोपायचं असेल तर शेवटचा कप दुपारी. दारूने झोप लागते पण टिकत नाही. केमिस्टकडून स्वतः झोपेची गोळी आणणं हा उपाय नाही, ती नवी अडचण होते.

आता रक्त

सत्तर-ऐंशी तपासण्यांचं पॅकेज स्वस्त वाटतं, पण मी घरच्यांना घेऊ देत नाही. रिपोर्टवर छापलेली नॉर्मलची रेषा साधारणपणे अशी आखलेली असते, की शंभर निरोगी माणसांतली पंच्याण्णव तिच्या आत बसावीत. म्हणजे पाच निरोगी माणसं बाहेर राहणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या, तर ठणठणीत माणसाचाही किमान एक आकडा रेषेबाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के येते. मग तो ठळक छापलेला आकडा घेऊन माणूस महिनाभर त्याच्याच मागे लागतो आणि खरं कारण बाजूला पडतं.

दमण्याच्या तक्रारीसाठी डॉक्टर बहुधा जी छोटी यादी लिहितात ती अशी: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडसाठी), बी-१२ आणि साखर. किडनी-लिव्हर गरजेप्रमाणे. लॅब निवडताना तिला एनएबीएलची, म्हणजे लॅबची गुणवत्ता तपासणाऱ्या संस्थेची, मान्यता आहे का ते विचारा.

रक्त देण्याआधीच्या काही गोष्टी फार महत्त्वाच्या आहेत, कारण इथे बिघडलेलं नंतर दुरुस्त होत नाही. बी-१२ची इंजेक्शनं किंवा मल्टिव्हिटॅमिन आधी घेऊन मग तपासणी केली तर आकडा वर येतो आणि खरी कमतरता होती की नाही ते कळायचा मार्ग बंद होतो. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर आम्हाला सांगा. त्याने थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात, म्हणून डॉक्टरांना विचारून निदान दोन दिवस आधी ते थांबवायचं असतं. ताप किंवा अंगात कुठे सूज असताना फेरिटिन तपासू नका, तेव्हा ते उगीच वर चढतं. टीएसएच रात्री आणि पहाटे जास्त असतो, दुपारी उतरतो; म्हणून दर वेळी साधारण त्याच वेळेला रक्त द्या. थायरॉइडची गोळी चालू असेल तर त्या दिवशी रक्त दिल्यावर घ्या.

आकडा कमी आहे, पण का कमी आहे?

माझ्या मते सगळा शोध इथे आहे, आणि निम्मी माणसं इथेच थांबतात. आकडा मिळाला, गोळी मिळाली, संपलं. पण लोह कमी आहे हे अर्धंच उत्तर झालं.

लोहापासूनच बघू. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि पुरुषाचं १३ च्या खाली गेलं की ॲनिमिया. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय बायकांना ॲनिमिया आढळला, पुरुषांत २५ टक्के. पण माझी काळजी त्या बायकांची, ज्यांचं हिमोग्लोबिन १२.३ येतं, "नॉर्मल आहे" म्हणून त्यांना परत पाठवलं जातं आणि फेरिटिन कोणी लिहिलेलंच नसतं. फेरिटिन म्हणजे डब्यातलं पीठ, हिमोग्लोबिन म्हणजे ताटातली भाकरी. ताटात भाकरी दिसते तोवर डबा खरवडायला आलाय हे कोणाच्या लक्षात येत नाही. फेरिटिन १५ च्या खाली असेल तर साठा संपला असं समजतात, आणि पुष्कळ डॉक्टर ३० च्या खालीही उपचाराचा विचार करतात. हिमोग्लोबिन ठीक असूनही या अवस्थेत दमायला होतं, लक्ष टिकत नाही.

मग का कमी? पाळीत तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागतं का, गाठी पडतात का? "आमच्याकडे सगळ्यांना असंच जातं" हे उत्तर मला फार वेळा मिळतं. आईला, मावशीला, बहिणीला असंच जात असेल तर त्या सगळ्याच तपासायला हव्यात. गर्भाशयातल्या गाठी हे त्यामागचं एक नेहमीचं कारण आहे. मूळव्याधीतून रक्त जातं का? जेवणाबरोबर चहा घेता का? त्याने लोह अंगी लागत नाही. लिंबू, आवळा, पेरू यांनी चांगलं लागतं. आणि पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं लोह कमी आलं, तर फक्त गोळ्यांवर समाधान मानू नका. पोटात, आतड्यात कुठून रक्त जात नाही ना हे बघायलाच हवं. डॉक्टरांनी एंडोस्कोपी, म्हणजे नळी घालून आतून बघायची तपासणी, सांगितली तर घाबरून टाळू नका.

उल्हासनगरहून येणाऱ्या काही कुटुंबांत वेगळंच दिसतं. सीबीसीत एमसीव्ही कमी, म्हणजे लाल पेशी लहान, पण फेरिटिन व्यवस्थित. वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या खाऊनही आकडा हलत नाही. हा थॅलसेमिया मायनर असू शकतो. सिंधी, कच्छी, लोहाणा समाजांत त्याचं प्रमाण जास्त आहे. त्यासाठी हिमोग्लोबिनची वेगळी तपासणी असते. असं निघालं तर लोह उगीच खायचं नाही, दमण्याचं कारण बहुधा दुसरीकडे शोधायचं, आणि लग्नाच्या मुलामुलींनी जोडीदाराची तपासणी नक्की करायची.

बी-१२ मांस, मासे, अंडी, दूध यांतून येतं. मार्केटमधल्या दादांच्या घरांत माळकरी पुष्कळ. माळ घातली की मांसाहार सुटतो, आणि दूध चहापुरतंच. वर डायबिटीसची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ आणखी उतरतं. पायाला मुंग्या, जीभ लाल आणि झोंबणारी, चालताना तोल जाणं, विसरायला होणं ही त्याची लक्षणं. हे फार दिवस अंगावर काढलं तर नसांचं नुकसान कायमचं होऊ शकतं. त्यासाठी माळ उतरवायची गरज नाही. दूध-दही वाढवा, आणि गोळी किंवा इंजेक्शन डॉक्टर ठरवतील. नुसतं फॉलिक ॲसिड मात्र घेऊ नका. त्याने रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान आत चालूच राहतं.

सीबीसी वाचताना एक फसगत होते. लोह कमी असलं की पेशी लहान होतात, बी-१२ कमी असलं की मोठ्या. दोन्ही एकत्र कमी असतील तर सरासरी बरोबर मधे येते आणि एमसीव्ही छान नॉर्मल दिसतो. तिथे आरडीडब्ल्यू, म्हणजे पेशींच्या आकारांत किती फरक आहे तो आकडा, वाढलेला असतो. त्या ओळीकडेही डॉक्टरांचं लक्ष वेधा.

थायरॉइड मंदावलं की वजन वाढतं, शौचाला कठीण होतं, थंडी सोसवत नाही, केस गळतात, विचारही संथ होतात. पण टीएसएच ५ किंवा ६ असा जेमतेम वर आला असेल तर तेच सगळ्याचं मूळ असं लगेच धरू नका. डॉक्टर बहुधा काही आठवड्यांनी पुन्हा बघायला सांगतात. गोळी सुरू झाली तर ती रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घ्यायची, चहा निदान अर्ध्या तासाने, लोह आणि कॅल्शियम चार तासांनी. "गोळी घेते पण फरक नाही" म्हणणाऱ्या किती जणी ती चहाच्या घोटाबरोबर घेतात!

साखरेचं एवढंच, की एचबीएवनसी तीन महिन्यांची सरासरी सांगतो, ६.५ आणि पुढे डायबिटीस, ५.७ पासून सावध. लोह कमी असताना तो खोटा चढलेला दिसू शकतो. व्हिटॅमिन डी पुष्कळांचं कमी येतं, पण लक्ष न लागण्याचं खापर त्याच्यावर फोडायची घाई करू नका. आणि ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक सांगितली असेल तर ती रोज घेऊ नका. कॅल्शियम वाढून माणूस खरोखर आजारी पडतो.

सगळं नॉर्मल आलं तर

रिपोर्ट नॉर्मल आला की घरचे म्हणतात, "बघ, काही नाहीये तुला." त्या वेळी समोरच्याचा चेहरा उतरलेला मी पाहिला आहे. त्याला आजार हवा असतो असं नाही, त्याला फक्त कोणीतरी विश्वास ठेवायला हवा असतो. रक्तात सापडलं नाही याचा अर्थ एवढाच, की या ट्यूबमध्ये नव्हतं.

दोन आठवड्यांहून जास्त काळ बहुतेक रोज उदास वाटणं किंवा कशातच आनंद न वाटणं, पहाटे तीन-चारला जाग येऊन परत झोप न लागणं, भूक जाणं, स्वतःला कमी लेखणं, हे नैराश्य असू शकतं. पुरुषांत ते रडण्यापेक्षा चिडचिडीत जास्त दिसतं. लक्ष न लागणं हे नैराश्याचं अधिकृत लक्षण आहे, सोबतीला आलेली वेगळी तक्रार नाही. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची यादी आहे, एकूण गुण २७. १० किंवा त्याहून जास्त आले तर डॉक्टरांशी बोला. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. त्याचं उत्तर "हो" असेल तर बेरीज किती येते ते बघू नका, त्याच दिवशी घरात एका माणसाला सांगा आणि मदत घ्या. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा २०२२ पासून आहे, क्रमांक १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं.

ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. "याला ठाण्याला न्या" हा टोमणा आमच्या पिढीने लहानपणापासून ऐकला, आणि त्याने किती माणसांना दारापासून परत फिरवलं असेल, या विचाराने मला वाईट वाटतं. तिथे बाह्यरुग्ण विभाग आहे. माणसं सकाळी येतात, डॉक्टरांशी बोलतात, औषध घेऊन घरी जातात. तिथे जायचं नसेल तर आपल्या नेहमीच्या डॉक्टरांपासून सुरुवात करा. पण जा.

आता "शाळेपासून असंच" म्हणणाऱ्यांकडे. लक्ष एका जागी न राहणं बारा वर्षांच्या आधीपासून असेल, घरात, शाळेत, कामावर सगळीकडे असेल, तर एडीएचडी, म्हणजे लहानपणापासूनच्या लक्ष न टिकण्याच्या विकाराचा विचार होतो. आईच्या ट्रंकेतून जुनी प्रगतिपुस्तकं काढा. "हुशार आहे, पण लक्ष नाही", "वह्या अपूर्ण" असे बाईंचे शेरे वर्षामागून वर्षं सापडले, तर ती पुस्तकं मनोविकारतज्ज्ञांकडे न्या, त्यांना त्यांचा फार उपयोग होतो. मुलींमध्ये हे हमखास सुटतं, कारण त्या वर्गात धिंगाणा घालत नाहीत, खिडकीबाहेर बघत बसतात. इंटरनेटवरच्या दहा प्रश्नांनी मात्र स्वतःला शिक्का मारून घेऊ नका; कमी झोप आणि चिंता यांतही हेच चित्र दिसतं.

आणि कधी कधी कारण समोरच असतं. कर्जाचा हप्ता, अंथरुणाला खिळलेले सासरे, ऑफिसात रोजचा अपमान. त्याला तपासणी नाही, पण वहीत ते लिहा आणि डॉक्टरांना सांगा. हेही कारणच आहे, आणि ते ऐकल्याशिवाय दिलेली गोळी अर्धवट ठरते.

डॉक्टरांसमोरची पाच मिनिटं

गर्दीच्या दवाखान्यात "कसंतरी होतं" म्हटलं तर टॉनिक मिळतं. वहीतून चार वाक्यं काढून पाठ करून जा: "दिवाळीपासून दुपारनंतर डोकं चालत नाही. त्याआधी ठीक होतं. सोबत धाप लागते आणि पाळी फार जाते. या गोळ्या चालू आहेत." असं सांगितलं की डॉक्टर पुढचे नेमके प्रश्न विचारतात, आणि तपासण्याही मोजक्याच लिहितात.

वाट बघायची नाही अशी लक्षणंही असतात. न प्रयत्न करता वजन उतरणं, संध्याकाळचा ताप, दोन आठवड्यांच्या वर खोकला, काळी किंवा रक्ताची शौच, यासाठी याच आठवड्यात जा. टीबीची तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते. छातीत दुखणं, बोलणं अचानक अडखळणं, एकाएकी गोंधळल्यासारखं होणं, यासाठी लगेच रुग्णालयात.

उपाय सुरू झाला की एका वेळी एकच गोष्ट बदला. लोह, बी-१२, नवी झोपेची वेळ आणि जिम एकाच सोमवारी सुरू केलं, तर बरं वाटल्यावर कशाने वाटलं ते कळणार नाही. डॉक्टरांनी दोन औषधं एकत्र दिली तर ती घ्याच, पण बाकीचे प्रयोग थांबवा. लोहाने हिमोग्लोबिन काही आठवड्यांत वर येतं, पण साठा भरायला आणखी महिने लागतात. आकडा नॉर्मल आला म्हणून गोळ्या मधेच सोडणारे पुढच्या वर्षी पुन्हा माझ्यासमोर हात पुढे करून बसतात. थायरॉइडचा डोस बदलला तर पुढची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी, त्याआधी केली तर पैसे वाया.

वही चालू ठेवा. आकडा सुधारला आणि दुपारचं डोकंही चालायला लागलं, तर कारण सापडलं. आकडा सुधारला पण वहीतली दुपार तशीच राहिली, तर ते कारण नव्हतं किंवा एकटं नव्हतं; मग पहिल्या पानावर परत जा आणि राहिलेल्या गोष्टी तपासा. पुढच्या वेळी रक्त देताना शक्यतो तीच लॅब, तीच वेळ ठेवा, आणि जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाईलमध्ये लावून सोबत न्या. डॉक्टरांना एका आकड्यापेक्षा वर्षभरात तो कुठून कुठे गेला, हे जास्त उपयोगी पडतं.